मज्जाव, मनाई आणि बंदी

महोदय,

बातम्यांत ‘मज्जाव’, ‘मनाई’, ‘बंदी’ आणि ‘अटकाव’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘बंदी’ हा नियम असतो, ‘मनाई’ हा हुकूम. कोर्ट मनाईहुकूम देते, ‘मज्जावहुकूम’ नव्हे. ‘मज्जाव’ मात्र बहुधा दारातच होतो, माणूस आत जायला निघालेला असताना. 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेशबंदी होती, आणि सत्याग्रहींना दारांवर मज्जाव झाला. इथे दोन्ही शब्द लागतात. वाक्यात ‘पर्यटकांना गडावर जाण्यास मज्जाव केला’ अशी रचना हवी; ‘पर्यटकांचा मज्जाव’ खटकते. पाणी, रोग, आग यांना ‘अटकाव’ करावा, मज्जाव नव्हे.

‘जमावबंदी’ म्हणजे ‘संचारबंदी’ नव्हे. पहिलीत सहसा पाच किंवा अधिक जणांनी एकत्र जमायचे नसते, दुसरीत घराबाहेरच पडायचे नसते. मथळ्यातल्या या गफलतीने उगाच घबराट पसरते. ‘नाकाबंदी’त तर वाहने तपासून सोडतात, तिला ‘प्रवेशबंदी’ म्हणू नये. लग्नात करवली दार ‘अडवते’, तिथे ‘मज्जाव’ लिहिला तर वरातच परत जायची!

– एक वाचक, पुणे