तक्रार पत्र : फुगलेली बॅटरी हे ‘ग्राहकाने केलेले नुकसान’ नव्हे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग (लॅपटॉप)

विषय : वॉरंटीत असलेल्या १४ इंची, एक किलो वजनाच्या लॅपटॉपची बॅटरी फुगूनही दुरुस्ती नाकारल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा हा लॅपटॉप ‘दिवसभराच्या कामासाठी, कुठेही न्या’ अशा जाहिरातीवर विकला जातो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याच्या आडत दुकानांचे हिशेब लिहिण्यासाठी मी, एका स्वतंत्र हिशेबनिसाने, तो घेतला. रोजचे काम म्हणजे टॅली, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), ई-वे बिल आणि जीएसटीचे विवरणपत्र. यात व्हिडिओ एडिटिंग नाही की गेम नाहीत. अशा कामाला हे यंत्र सहा ते दहा वॉट खाते, म्हणजे त्याच्या ताकदीच्या मानाने ते आरामातच असते. खरेदीची पावती, एक वर्षाची वॉरंटी आणि वेगळे पैसे भरून घेतलेली ‘ऑनसाइट’ (जागेवर येऊन दुरुस्तीची) सेवा, तिन्हींची मुदत अजून शिल्लक आहे.

आपल्या अधिकृत सेवा केंद्राचा माणूस येऊन खालचे झाकण उघडून गेला. त्याने जॉब शीटवर तीन कारणे लिहिली : टचपॅड वर आला आहे म्हणून ‘फिजिकल डॅमेज’, आत पिवळी पावडर सापडली, आणि यंत्र सतत चार्जिंगला लावलेले असते. खाली शेरा, ‘ग्राहकाकडून नुकसान, वॉरंटी लागू नाही’. बॅटरी, टचपॅड आणि कीबोर्डसकट वरचे पूर्ण पॅनेल असे मिळून २४,८०० रुपयांचे एस्टिमेट दिले. तिन्ही कारणे तांत्रिकदृष्ट्या टिकत नाहीत. ती का टिकत नाहीत, ते क्रमाने लिहितो.

टचपॅडपासून सुरुवात करू. या मॉडेलमध्ये बॅटरी पुढच्या भागात, बरोबर टचपॅड आणि मनगट टेकते त्या जागेखाली बसवली आहे. पॅकमध्ये पाऊच पद्धतीच्या सेल आहेत. त्यांना धातूचे कवच नसते, नुसती ॲल्युमिनियमची पातळ पिशवी असते. सेल आतून वायू सोडू लागली की ती फुलक्यासारखी टम्म होते आणि वरच्या दिशेला टचपॅड ढकलते, खालच्या दिशेला झाकण. क्रमही ठरलेला असतो. आधी टचपॅडची क्लिक जड होते. मग ती खालच्या कोपऱ्यात लागेनाशी होते. मग लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो, आणि शेवटी स्क्रीन मिटल्यावर मध्ये फट राहते. या यंत्रात चारही लक्षणे याच क्रमाने आली. कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही वर्कशॉपात मिळतो तो फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) लावून पाहिला : टचपॅडच्या डाव्या कडेखाली ०.९ मिमीची पाती विनासायास सरकते, उजव्या कडेला ०.३ची अडते. यंत्र पडले किंवा आपटले असते तर कोपरा चेपतो, मॅग्नेशियमच्या झाकणावर खूण उठते, बिजागरीची ओळ बिघडते. आपल्याच माणसाने काढलेल्या फोटोंत यातले काहीही नाही. आतून बाहेर आलेल्या फुगवट्याला बाहेरून झालेली इजा म्हणणे ही जॉब शीट भरण्याची सोय झाली, निदान नव्हे.

पाऊच सेल आयुष्यात थोडीफार जाड होतेच, हे डिझाइन करणाऱ्याला ठाऊक असते. म्हणूनच सेलच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी मोकळी जागा वर सोडायची रीत आहे. वजन एक किलोवर आणताना ती जागा किती ठेवली, याचे उत्तर आपल्याकडेच आहे.

आता ‘सतत चार्जिंग’. बॅटरीवर छापले आहे : ११.५५ व्होल्ट, ४९३५ एमएएच, ५७ वॉट-तास. म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या तीन सेल, प्रत्येकी ३.८५ व्होल्टची. अशी सेल पूर्ण भरली की ४.४ व्होल्टवर जाते. त्या व्होल्टेजवर ती तासन्‌तास थांबली, त्यात उष्णता मिळाली, की आतला इलेक्ट्रोलाइट (सेलमधला रासायनिक द्रव) विघटित होऊ लागतो आणि कार्बन डायऑक्साइडसारखे वायू सुटतात. फुगण्याचे मूळ इथे आहे, वापरण्याच्या तासांत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’चा बॅटरी रिपोर्ट काढला तर तेच दिसते : मूळ क्षमता ५७,००० मिलिवॉट-तास, आताची ४६,२००, सायकल काउंट (पूर्ण भरून रिकामी होण्याच्या फेऱ्या) फक्त ११८. तीनशे ते पाचशे सायकलनंतर क्षमता ८० टक्क्यांवर येणे समजू शकतो. इतक्या कमी सायकलमध्ये ८१ टक्क्यांवर येणे म्हणजे बॅटरी वापरून नव्हे, भरलेल्या अवस्थेत ठेवून झिजली.

मग भरलेल्या अवस्थेत तिला ठेवले कोणी? चार्ज किती टक्क्यांवर थांबवायचा हे चार्जरची पिन ठरवत नाही, आपले फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले सॉफ्टवेअर) ठरवते. आपल्याच ॲपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की सेल ४.१ व्होल्टच्या आसपास राहते आणि हा सगळा प्रकार कितीतरी मंदावतो. पण माल कारखान्यातून येतो तो हा पर्याय बंद ठेवून. तो सापडतो सेटिंगच्या चौथ्या पानावर, आणि खोक्यातल्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही. टेबलावर बसून काम करणारा माणूस चार्जर लावूनच बसणार, हे आपल्याला माहीत होते. नसते तर हा पर्याय बनवलाच नसता. तेव्हा आपण जे बंद ठेवले ते ग्राहकाने चालू केले नाही, म्हणून दोष ग्राहकाचा, हा युक्तिवाद उलटा आहे.

पिवळ्या पावडरीबद्दल. ती हळद आहे. मार्केट यार्डात सौद्याच्या हंगामात ती टेबलावर, वह्यांवर, पंख्याच्या पात्यांवर सगळीकडे बसते. लॅपटॉपच्या खालच्या जाळीतून आत शिरली यात नवल नाही. पण हवेचा मार्ग पाहा. पंखा मागच्या बाजूला आहे, तो खालून हवा ओढतो आणि बिजागरीशेजारून बाहेर फेकतो. धूळ साचते ती पंख्यावर आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पात्यांत. त्याने पंखा आवाज करतो, प्रोसेसर तापतो आणि शंभर अंशांच्या आसपास पोचला की आपला वेग आपणच कमी करतो. बॅटरी त्या मार्गात नाही. समजा, आतली उष्णता तिच्यापर्यंत पोचली, तरी पॅकमध्ये थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) असतो आणि सेल ठरलेल्या मर्यादेच्या वर तापली तर चार्जिंग रोखणे हे तिच्या सर्किटचे काम आहे. ते रोखले गेले नसेल, तर तो आणखी एक दोष समजावा. पाणी सांडल्यावर लाल होणारा आतला स्टिकर पांढराच आहे, हेही फोटोत दिसते. जॉब शीटवर मात्र ते लिहिलेले नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने चौथे कारण जोडले : यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायचे असते. चैत्र-वैशाखात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, हे विक्री विभागाला माहीत नसावे. ही अट पाळायची तर उन्हाळ्यात इथल्या दुकानांतून हे मॉडेल काढून ठेवा, किंवा खोक्यावर ती मोठ्या अक्षरांत छापा.

सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळीच आहे. एस्टिमेट मान्य नसेल तर ‘लॅपटॉप कुरिअरने पुण्याच्या डेपोला पाठवा, तिथे फेरतपासणी होईल’ असे सांगण्यात आले. फुगलेली लिथियम बॅटरी ही सदोष बॅटरी आहे, आणि सदोष लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मनाई आहे. रस्त्याने पाठवायची तरी तिचे पॅकिंग वेगळे लागते आणि पार्सलवर तसे लिहावे लागते. साध्या कुरिअरच्या पोत्यात दाबली गेलेली सेल टोचली, तर आत शॉर्ट होऊन आग लागते. ग्राहकाने हे न सांगता पार्सल करावे असा सल्ला आपल्या सेवा विभागाकडून येतो, याची लेखी नोंद आपण घ्यावी. सध्या यंत्र बंद करून, चार्जर काढून, लाकडी कपाटापासून दूर फरशीवर ठेवले आहे.

जाता जाता दोन किरकोळ गोष्टी. टाइप-सीचे दोन्ही पोर्ट डाव्या बाजूला दिले आहेत; एकात चार्जर, दुसऱ्यात हब, आणि त्या हबवर डिजिटल सहीचे टोकन, माउस आणि प्रिंटर. नेहमीचा यूएसबी पोर्ट एक जरी असता तरी भागले असते. आणि दोन पिनांचा चार्जर लावल्यावर धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, त्यावर अर्थिंगवाल्या तीन पिनांची वायर हा साधा उपाय आहे. तो खोक्यातच द्यावा.

मागणी अशी आहे. ऑनसाइट करारानुसार बॅटरी, टचपॅड आणि वरचे पॅनेल विनामूल्य बदलावे, आणि ते सांगलीत येऊनच. जॉब शीटवरचा ‘ग्राहकाकडून नुकसान’ हा शेरा रद्द करून दुरुस्त प्रत द्यावी; तो राहिला तर पुढची प्रत्येक तक्रार त्याच्याच आधारे फेटाळली जाईल. काढलेली बॅटरी परत नेण्याची जबाबदारी २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकाची आहे, ती इथे सोडून जाऊ नये.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. ‘व्यावसायिक वापर’ हा बचाव आधीच बाजूला ठेवावा. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू वापरणारा त्याच कायद्याच्या स्पष्टीकरणानुसार ग्राहकच ठरतो.

माणूस पाठवताना सुटा भाग आधी मागवून त्याच्यासोबतच द्यावा. नुसती पाहणी एकदा झाली आहे.

आपला ग्राहक,
स्वतंत्र हिशेबनीस, मार्केट यार्ड, सांगली

सोबत : खरेदीची पावती, ऑनसाइट सेवेचा करार, जॉब शीट व एस्टिमेटची प्रत, बॅटरी रिपोर्ट, फीलर गेज लावलेले फोटो.