जबानी फिरली म्हणजे लबाडीच?

महोदय,

साक्षीदाराच्या जबानीत तफावत निघाली की आपण त्याला खोटारडा ठरवून मोकळे होतो. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच वेगळे दाखवले होते. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची भुतांच्या लढाईची कथा इंग्रज वाचकांनी आठवून लिहिली, तेव्हा डोंग्याची बोट झाली, सीलच्या शिकारीची चक्क मासेमारी! लबाडी कुणीच केली नव्हती. मनाने परके तपशील ओळखीच्या साच्यात बसवले. उलट आफ्रिकेतील स्वाझी जमातीच्या एका गुराख्याला वर्षापूर्वी खरेदी केलेल्या गुरांच्या खुणा आणि किमती जवळपास बिनचूक आठवत होत्या. गुरे हाच त्याचा जिव्हाळा. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनीही प्रश्नातल्या एका शब्दाने आठवण कशी बदलते ते दाखवले. तपास अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात हे शिकवायला हवे.

– एक वाचक, पुणे