योनाती म्हणायचंच नाही, म्हणतोस?

ठाणे, शुक्रवार दुपार

चि. शिमोन यास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ऐकून घेतलं, कारण तुझा आवाज ऐकल्यावर वाद घालवेना. कागदावर मात्र मी गप्प बसणारी नाही, हे तुला ठाऊक आहे. लग्न करायचं, पण मेंदी नको, वाजंत्री नको, आणि नवरी आत येताना आपल्या बेने इस्राएल यहुद्यांत नवरा मुलगा जे योनाती गाणं म्हणतो, तेही नको. "तो मातीत गेला आणि मी गात उभा राहू?" म्हणालास. अरे, तुझ्या त्या दोस्ताला मीही जेवायला वाढलंय. भारत फिरायला आलात तेव्हा याच स्वयंपाकघरात त्याने वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिकडे इस्राएलात त्याचा जीव गेला, तेव्हापासून वाल भिजत घातले की तो आठवतोच.

बिरड्यावरून सांगते. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा, आपल्या हिब्रू पंचांगातल्या अव्ह महिन्याच्या नवमीचा उपास सोडताना आपण बिरडं खातो. म्हणून आपल्या कोकणातल्या बायकांनी त्याला नाव दिलं बिरड्याचा सण. बाहेरचे ऐकतात आणि हसतात, शोकाला कोणी सण म्हणतं का? मला मात्र ते नाव आवडतं. रडून झालं की चूल पेटवायची, हे त्यात आलं.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळलं, त्या वेळचे धर्मगुरू यहोशुआ रब्बी यांची गोष्ट तुला लहानपणी अर्धीच सांगितली होती. वेढा पडलेल्या शहरातून त्यांनी आणि एलिएझर रब्बींनी आपल्या गुरूंना, योहानान बेन झक्काईंना, शवपेटीत घालून बाहेर काढलं, तेवढं तुला आठवत असेल. मेल्याचं सोंग म्हणून तू फार हसायचास. पुढची गोष्ट अशी की हे यहोशुआ मूळचे लेवी, मंदिरात गाणारे. गाण्याची जागाच जळून गेलेला माणूस. ते भग्न मंदिर पाहून ते रडले, की आता आपल्या पापांचं प्रायश्चित्त कुठे व्हायचं? गुरू म्हणाले, दुसरं प्रायश्चित्त आहे, दयेची कामं. तिथून यव्ने गावाला जाऊन त्या लोकांनी सगळा धर्मच नव्याने मांडला. वेदीच्या जागी प्रार्थना आली आणि बळीच्या जागी अभ्यास.

पण सगळ्यांना ते पटलं असं नाही. तलमूदात, रब्बींच्या चर्चांच्या आपल्या मोठ्या ग्रंथात, लिहिलंय, कितीतरी जणांनी मांस सोडलं, द्राक्षरस सोडला. वेदीवर मांस चढत नाही, मग आम्ही कसं खाऊ? यहोशुआ त्यांना म्हणाले, मग भाकरीही सोडा, धान्याचं अर्पणही बंद झालंय. ते म्हणाले, फळांवर राहू. मग पहिल्या फळांचं अर्पण? दुसरी फळं खाऊ. मग पाणीही पिऊ नका, वेदीवर पाणीही ओतत होते! तेव्हा ते गप्प झाले. यहोशुआ म्हणाले, मुळीच शोक न करणं जमणार नाही, आणि अतोनात करणंही जमणार नाही. घराला गिलावा करा, थोडी जागा कोरी ठेवा. बाईने दागिने घालावेत, एखादा काढून ठेवावा. आणि तिथेच पुढचे रब्बी सांगतात, नवऱ्या मुलाच्या डोक्यावर, प्रार्थनेच्या वेळी तेफिलिनची कातडी डबी बांधतात तिथे, चिमूटभर राख लावावी.

नवऱ्या मुलाच्या, बाळा. लग्न पुढे ढकला असं नाही म्हणाले.

तो गेल्यावर तुझ्या खोलीतल्या एकाने काळा कोट चढवला, कडक धार्मिक झाला, आणि दुसऱ्याने धर्माची टोपी कायमची उतरवली, याचं तुला नवल वाटतं. मला नाही वाटत. हिटलरच्या छावण्यांतून वाचलेल्यांतही हेच झालं. सातमार या कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जुनं सगळं, टोपीपासून यिद्दिश भाषेपर्यंत, पुन्हा उभं केलं. आणि कितीतरी जणांनी सिनेगॉगची, प्रार्थनाघराची, पायरी पुन्हा चढली नाही. मी कुणालाच नावं ठेवत नाही. फक्त तो कोटवाला आपल्या मलिद्याच्या विधीला नाक मुरडतो म्हणालास, त्याला म्हणावं, कोकणात नवगावला जहाज फुटलं तेव्हा आमच्या पूर्वजांची पोथ्यापुस्तकंही बुडाली म्हणतात. शेमाची प्रार्थना आणि शनिवार पाळणं उरलं, तेवढ्यावर आम्ही तेल गाळत शेकडो वर्षं काढली.

आज संध्याकाळी मशिदीत, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये, लेखा दोदी म्हणू. १४९२ मध्ये स्पेनमधून यहुद्यांना हाकललं. पुढे त्यांच्यातलेच बरेच जण इस्राएलातल्या साफेद गावी जमले, तिथल्या श्लोमो अल्काबेत्झचं हे गाणं. शब्बाथ राणीला, आपल्या पवित्र शनिवारला, नवरी म्हटलंय, आणि मध्येच येतं, ऊठ, विध्वंसातून बाहेर ये, आसवांच्या दरीत फार दिवस बसलीस. लग्नाचंच गाणं आहे ते, नीट ऐक.

मेंदी मी आणणारच, तुझ्या होणाऱ्या बायकोने कालच मागितली. वाजंत्री तुझ्या मनाने वगळ, ती आपली कोरी जागा. योनाती मात्र म्हण, आवाज फाटला तरी चालेल.

शब्बाथ लागायला थोडाच वेळ आहे, दिव्यात तेल घालायचंय. लग्नात नवऱ्याने पायाने फोडायचा ग्लास इथून आणू की तिथला चालेल, तेवढं कळव. पातळ काचेचा हवा. तुझ्या पप्पांना तीनदा पाय आपटावा लागला होता.

तुझी,
आई