मिनू, मंगळवारी ऑपरेशन आहे

मिनू बेटा,

परवा तू फोनवर रडकुंडीला येऊन सांगून राहिली होती की बाबा, न जुळलेल्या नडगीत भरायला कमरेचं हाड काढू देऊ नका, जीन थेरपी येऊन राहिली आहे, थोडं थांबा. तेव्हा तुझी आई बाजूलाच होती म्हणून मी हो-हो करून फोन ठेवला. आता ती सक्करदऱ्याला बाजारात गेली आहे तर एका बोटानं टाइप करून राहिलो, चुका सांभाळून घे.

तू पाठवलेलं सगळं वाचलं मी. हसू नको, खरंच वाचलं, नडगीत रॉड घालून नऊ महिने घरात बसलेल्या माणसाला दुसरं काम काय बाप्पा. ते लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायवाल्यांचं डुकरांचं काम, 2017 चं, ते तर दोनदा वाचलं कारण त्या डुकरांचंही हाड नडगीचंच होतं, एक सेंटीमीटरच्या वर गॅप, आपोआप भरूच शकत नाही असा. मला ते लगेच समजलं. गॅपमध्ये कोलॅजनचा स्पंज ठेवला म्हणजे आपलं सेंट्रिंगच झालं ना, दोन आठवडे तसंच राहू दिलं, आजूबाजूच्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांचं पुढं हाड बनू शकतं त्या पेशी, त्यात येऊन बसल्या म्हणजे लेबर साइटवर हजर, आणि मग बीएमपी-6 चा, म्हणजे हाड बनवायला लावणाऱ्या प्रोटीनचा, जीन बारीक बुडबुड्यांसोबत इंजेक्शननं आत सोडून वरून अल्ट्रासाउंड मारला. बुडबुडे थरथरतात, पेशीला क्षणभर बारीक भोकं पडतात, जीन आत. आठ आठवड्यांत गॅप बंद! आपला स्लॅब 21 दिवस पाणी मागतो तर हाडाला आठ आठवडे म्हणजे काहीच नाही.

आणि सरळ प्रोटीनच का नाही टाकत हे मला आधी कळत नव्हतं. युरिस्ट नावाच्या डॉक्टरनं 1965 मध्येच दाखवलं होतं की हाडातला चुना काढून उरलेला भाग मांसात ठेवला तर तिथंही हाड तयार होतं, म्हणजे हाडातच काहीतरी आहे जे बाकीच्यांना कामाला लावतं. तेच ते बीएमपी. अमेरिकेत 2002 ला मणक्याच्या ऑपरेशनसाठी बीएमपी-2 ला परवानगीही मिळाली. पण प्रोटीन अंगात टिकत नाही, लवकर वाहून जातं, म्हणून भरमसाट टाकावं लागतं, आणि मग मानेच्या ऑपरेशनमध्ये काही पेशंटचा गळा इतका सुजला की श्वास घेणं मुश्किल, 2008 ला तिथल्या एफडीएला, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याला, इशारा द्यावा लागला. म्हणून मग ही आयडिया की रेडीमिक्सचा ट्रक रिकामा करण्यापेक्षा मिस्त्रीलाच मिश्रणाचं माप लिहून द्या, तो जागेवर लागेल तेवढंच कालवेल.

फक्त मला एक शंका आहे. मिस्त्रीला बंद कर कोण सांगणार? मला वाटतं म्हणूनच ते मेयोवाले एमआरएनए, म्हणजे जीनची तात्पुरती चिठ्ठी, वापरून राहिले असतील (आपलं नागपूरचं मेयो हॉस्पिटल नाही गं, अमेरिकेतल्या मिनेसोटातलं, मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणे काहून खोटं बोलता, मेयोत कधी उंदरांवर प्रयोग झाले, उंदीर आहेत तिथं पण ते आपापले फिरतात). कोविडच्या त्या लशींसारखंच, चिठ्ठी काही दिवसांत विरघळते, पेशीच्या मूळ डीएनएला हात लागत नाही. त्यांच्या उंदरांच्या मांडीचं हाड भरलं 2022 मध्ये. मस्तच आहे.

पण उंदीर आणि डुक्कर, मिनू. मी धंतोलीच्या डॉक्टरांना विचारलंच, तुझ्या भरवशावर एकदम टेक्निकल भाषेत. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग एक्सरे लाइटवर लावला आणि ती काळी रेघ दाखवली, भिंतीला तडा जातो तशी, आणि म्हणाले, "काका, त्या डुकरांची गॅप ताजी होती, आणि डुकरं खर्रा खात नाहीत."

तेच आहे बघ. खर्ऱ्यातल्या तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात आणि हाडाला रक्तच नाही पोचलं तर जुळणार कुठून. आणि रॉड टाकल्यावर सहाव्याच आठवड्यात मी काठी टेकत मानेवाड्याच्या साइटवर गेलो होतो, ते तुला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

आता मंगळवारी ते हाडाची दोन्ही टोकं रक्त येईपर्यंत खरवडणार, आपण जुन्या काँक्रीटला टाचे मारतो ना तसंच, कोऱ्या गुळगुळीत भागावर नवीन माल धरत नाही. आणि मध्ये माझ्याच कमरेचं हाड भरणार. त्यात जिवंत पेशीही आहेत, बीएमपीही आहे, सेंट्रिंगही आहे, सगळं एकाच गोणीत. कमरेची जागा पायापेक्षा जास्त दिवस दुखते म्हणे, ते मी ऐकून घेतलं. तुमची ती थेरपी माणसांपर्यंत पोचेल तेव्हा पुढच्यांची कंबर वाचेल, त्यात तू असशील तर मला आवडेलच. पण माझा रॉड तोवर थांबणार नाही, हाड जुळलं नाही तर लोखंड एक दिवस थकून तुटतं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

परीक्षा सोडून येऊ नको. खर्रा सोडून तिसरा आठवडा आहे, हात अजून सारखा शर्टाच्या खिशाकडे जातो. आईनं त्यात बडीशेप भरून ठेवली आहे.

बाबा