‘कॅसाब्लांका’तला कॅप्टन कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील ‘कॅसाब्लांका’ या जुन्या हॉलिवूडपटावरचा लेख आवडला. त्यात बोगार्ट आहेत, बर्गमन आहेत, सॅमचा पियानोसुद्धा आहे. क्लॉड रेन्स यांचे नाव मात्र एकदाही नाही. त्यांनी उभा केलेला लाचखाऊ, बायकांच्या मागे लागणारा कॅप्टन रेनो वगळून त्या चित्रपटाचा शेवट सांगताच येत नाही. बोगार्टचा रिक मनाने चांगला आहे हे आपण कधीच ओळखलेले असते. रेनो कोणत्या बाजूला झुकेल, हे मात्र विमानतळावर नाझी मेजर स्ट्रासर रिकच्या गोळीने कोसळेपर्यंत कळत नाही. रिककडे बोट न दाखवता, नेहमीचे संशयित पकडून आणा, असे तो शिपायांना फर्मावतो आणि सारा खेळ पालटतो.

रेन्स यांचा जन्म 1889 चा, लंडनमधला, हलाखीच्या घरातला. बोलण्यात दोष आणि उच्चार थेट गल्लीतले. नाट्यनिर्माते हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी पदरचे पैसे घालून त्यांना उच्चारांची शिकवणी लावली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. पुढे याच माणसाने लंडनच्या ‘रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट’ या नाट्यशाळेत अभिनय शिकवला. पुढे नामवंत नट झालेले जॉन गिलगुड त्यांचे विद्यार्थी.

हॉलिवूडने त्यांना हात दिला तेव्हा चाळिशी उलटली होती. भूमिका कोणती, तर 1933 च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मधला अदृश्य माणूस! चेहरा दिसतो तो अगदी शेवटी, क्षणभर. तोपर्यंत बँडेज, काळा चष्मा आणि आवाज. ज्या आवाजावर एकेकाळी शिकवणी लावावी लागली, त्याच्याच जोरावर ते नाव कमावून गेले.

त्यानंतर ‘रॉबिन हूड’मधला लबाड प्रिन्स जॉन, ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मधला आतून पोखरलेला सिनेटर, बेटी डेव्हिसबरोबर ‘मिस्टर स्केफिंग्टन’मधला सोशिक नवरा. माझ्या मते सर्वांत अवघड भूमिका हिचकॉकच्या ‘नोटोरियस’मधली. त्यांचा सेबास्टियन नाझींचा साथीदार आहे, आईच्या मुठीत आहे, बायकोला विष घालतो. तरीही तिच्यावर सगळ्यात सरळ प्रेम त्याचेच आहे असे वाटत राहते. शेवटी साथीदारांनी हाक मारल्यावर तो पायऱ्या चढून परत घराकडे जातो, तेव्हा नायक-नायिका सुटल्याचा आनंद बाजूला राहतो आणि कीव येते ती खलनायकाची. नायक केरी ग्रँटसमोर हे साधणे खायचे काम नव्हे.

सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्यांना चार नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. 1946 साली तो हॅरॉल्ड रसेल यांना मिळाला. युद्धकाळात दोन्ही हात गमावलेल्या त्या सैनिकापुढे हरल्याची तक्रार कोणी करू नये. बाकीच्या तीन वेळांविषयी मी गप्प बसणार नाही. रंगभूमीने तरी कंजुषी केली नाही: 1951 मध्ये ‘डार्कनेस अॅट नून’साठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला, आणि तो मुख्य भूमिकेचा.

जुन्या चित्रपटांवरील लेखांसोबत छोट्या चौकटीत संपूर्ण भूमिकावाटप छापता आले तर पाहावे. ‘नोटोरियस’वर लेख येणार असेल, तर ग्रँट-बर्गमनच्या चुंबनदृश्याबरोबरच त्या शेवटच्या पायऱ्यांवरही एखादा परिच्छेद असावा, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली