बाबा, मूळव्याधच असेल, पण बघून घेऊ

ती. बाबा आणि सौ. आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला चारदा सुरुवात केली आणि चारही वेळा पावसाचं, हळदीच्या दराचं बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितेय. बाबा, येत्या 12 तारखेला मिरजेला तुमची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, ठरवली आहे. तुम्हाला न विचारता ठरवली. रागवा, पण आधी पत्र पुरतं वाचा.

गेल्या महिन्यात माझी झाली. तुम्हाला सांगितलं नाही, त्याची टोचणी रोज लागते. तीन आठवडे शौचातून रक्त पडत होतं आणि डोळे मिटले की तात्यांची खोली दिसायची. शेवटी गेले. आतड्यात एक पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, निघाला, 8 मिलिमीटरचा. दुर्बिणीतूनच तिथल्या तिथे काढला. कॅन्सर नाही. आई, परत वाच, नाही. असला कोंब वाढून कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-दहा वर्षं लागतात, म्हणून तर तो वेळेत काढता येतो. मी भाकरी खाते, ऑफिसला जाते, रात्री झोपते.

पण तात्याकाकांचं ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "काका म्हणजे वडिलांचे सख्खे भाऊ ना? मग वडिलांची तपासणी कधी झाली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सख्ख्या भावाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तर चाळिशीतच बघायचं असतं. तुम्ही 68 वर्षांचे आहात, बाबा.

आईवर चिडू नका, मीच खोदून खोदून विचारलं. सकाळी तीन-तीनदा जाता, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. पट्ट्याला नवं भोक पाडलंत. हिमोग्लोबिन 9 आलं म्हणून लोहाची गोळी सुरू केलीत, आणि शौचाला काळं होतं ते गोळीमुळे, असं तुमचं म्हणणं. असेलही. मूळव्याधही असेल, ती वीस वर्षं आहेच. पण तात्याही आठ महिने मूळव्याधच म्हणत होते ना? या वयात पुरुषाचं रक्त कमी होत असेल तर ते कुठून जातंय हे शोधावं लागतं. गोळीने नुसता आकडा वर येतो.

2019 च्या पुरात तुम्ही म्हणालात, पाणी पायरीला लागू दे, मग निघू. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 45 फूट झालं की धोका, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. आणि आपण शेवटी होडीतून निघालो. तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसणार.

तुम्हाला लाज वाटते, हे मला कळतं. मुलीने असलं लिहावं, याचंही वाटेल. पण दर महिन्याला एरंडेल पाजताना माझं नाक दाबून धरणारे तुम्हीच होतात. मी थुंकले तर परत चमचा भरायचात, आणि नंतर तळहातावर खडीसाखर. मग दिवसभर माझ्यासाठी मोरीजवळ पाटावर बसून पेपर वाचत होतात. आता मी बसेन.

मी 10 तारखेला संध्याकाळी येते. तोवर एवढं करा. लोहाची गोळी हे पत्र मिळेल त्या दिवसापासून बंद, सात दिवस तरी पोटात नको. रक्त पातळ करायची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवायची नाही, डॉक्टर सांगतील तसं. शेवटचे तीन दिवस भडंग, शेंगदाण्याची चटणी, पेरू, डाळिंब, पालेभाजी, भाकरी बंद. मऊ भात आणि वरण चालेल. आदल्या दिवशी फक्त गाळलेलं वरणाचं पाणी, नारळपाणी, कोरा चहा. आई, कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. संध्याकाळी आणि पहाटे औषध घातलेलं पाणी प्यायचं, बेचव असतं आणि सारखं जावं लागतं. रात्री धावपळ नको म्हणून कमोडची खुर्ची मागवली आहे, ती तुमच्या खोलीतच ठेवू. गुडघ्यांना त्रास नाही होणार. तपासणीच्या वेळी झोपेचं इंजेक्शन देतात, मला काही कळलंही नाही. दुपारपर्यंत घरी, आपल्याच पलंगावर. आईच्या हातचा दहीभात खा आणि झोपा.

काही निघालंच, तर आपण तिघं मिळून बघू. पैशांचं मी बघितलंय, ठेव मोडायची नाही.

स्वेटर बाहेर काढून ठेवा, त्या खोलीत एसी फार असतो.

तुमची,
बेबी

ता. क. आई, खडीसाखर आणून ठेव. ती चालते, मी विचारलंय.