गावभागातल्या झेरॉक्सवाल्या ताईंना, मेलबर्नहून

ताई, नमस्कार.

आम्ही दोघं नीट पोचलो हे फोनवर सांगितलं होतं, पण तेव्हा तुमच्याकडं गर्दी होती आणि मला काही धड बोलताच आलं नाही. आता लेकीचं बाळ बावीस दिवसांचं झालंय, मायलेकी झोपल्यात, म्हणून लिहायला बसलेय. तुमचं नाव घालत नाही, पण २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात सांगलीत ज्यांनी ज्यांनी भिजलेले कागद तुमच्याकडं आणले ते बरोबर ओळखतील.

आमचं घर तळमजल्यावर. २००५ ला पाणी जिथपर्यंत आलं होतं ती खूण धरून सगळं सामान वर चढवलं, पासपोर्टची पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि विश्रामबागला नणंदेकडं गेलो. ह्या वेळी आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली, धोक्याची पातळी ४५ ची, त्यामुळं ती खूण कुठल्या कुठं बुडाली. आठवड्यानं दार उघडलं तर घोटाभर गाळ, कपाट आडवं, आणि पिशवीची चेन लावलेली असून आत तांबडं पाणी. पासपोर्टची पानं एकमेकांना चिकटून एक लगदा झालेला. २४ सप्टेंबरची तिकिटं, लेकीची पहिली वेळ, आणि तिकडं तिच्याजवळ दुसरं कुणी नाही. मी तिथंच पायरीवर बसून रडले.

ह्यांनी एकाला फोन केला तर तो म्हणाला इस्त्री फिरवा, वरून लॅमिनेशन करा, चालून जातंय. तसं करायला आम्ही निघालोच होतो. वाटेत तुम्ही दिसलात, स्वतःच्या दुकानातला गाळ फावड्यानं काढत होता, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत चिखलात. मी पिशवी दाखवली तर फावडं भिंतीला टेकवून आधी हात धुतलेत. म्हणालात, काकू, उन्हात ठेवू नका, इस्त्री नको, ड्रायर नको, पानं ओढून सोडवायची तर अजिबात नाही. पानांच्या मधे पांढरे टिश्यू घालायचे, पंख्याखाली सावलीत ठेवायचं, आणि दर दोन तासांनी टिश्यू बदलायचे. आणि लॅमिनेशनचं ऐकून तुम्ही एकदम गंभीर झालात, म्हणालात, हा पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे असं त्यातच छापलेलं असतं, आपण त्यात काही करायचं नसतं, जसा आहे तसाच दाखवायचा.

तीन दिवसांनी तुम्ही स्वतः घरी आलात. माझ्या पासपोर्टवरचा नंबर, नाव, फोटो ठीक होतं, कडेला डाग पडलेला तेवढाच. ह्यांचा मात्र चेहराच पुसला गेला होता, शाई सगळी पसरलेली. मग तुम्ही शेवटचं पान उजेडासमोर धरलंत आणि त्यावरचा फाइल नंबर एकेक आकडा वाचून माझ्याकडून वहीत लिहून घेतलात, म्हणालात, हा मिळाला ना, ऑफिसला जुना रेकॉर्ड काढता येईल. तो तुमचा अंगठ्याचं नख आकड्याखाली सरकवत वाचणारा हात मला अजून दिसतो.

आणि स्कॅन! जूनमध्ये व्हिसाचा फॉर्म तुमच्याकडंच भरला होता, तेव्हाचे पासपोर्टचे स्कॅन तुमच्या कॉम्प्युटरमध्ये होते, आणि पाणी शिरायच्या आदल्या रात्री खुर्च्या, टेबल, झेरॉक्सचं मशीन सगळं खाली सोडून तुम्ही फक्त सीपीयू उचलून माळ्यावर नेला होता. लोकांचे कागद आहेत त्यात, एवढंच म्हणालात. मशीन गेलं तुमचं, ताई. त्याबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत.

तुमच्या बहिणीच्या घरी बसून तुम्ही दोघांचे फॉर्म भरलेत. माझा तत्काळमध्ये, पाच हजार. ह्यांचा ओळखू न येण्याइतका खराब म्हणून तत्काळला चालत नाही, तो साधा, तीन हजारांचा. पासपोर्ट खराब झाल्याचं अनेक्शर एफचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत, जुन्या पासपोर्टचा रंगीत प्रिंट, सगळं दोन वेगळ्या फायलींत लावून वर पेन्सिलीनं कुणाची कुठली ते लिहिलंत. पुण्याला मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रावर काउंटरवरच्या बाईंनी फाइल चाळली आणि एकही कागद परत मागितला नाही. माझा पासपोर्ट त्याच आठवड्यात आला. ह्यांचा पोलीस व्हेरिफिकेशन होऊन गणपती झाल्यावर, तोवर मी रोज पोस्टमनची वाट बघायचे.

पासपोर्ट हातात आला की झालं असं आम्हाला वाटलं होतं. तुम्हीच फोन केलात की काकू, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टात चिकटवलेला नसतो, तो जुन्या नंबराला जोडलेला आहे, नवा नंबर त्यांना कळवायलाच पाहिजे, नाहीतर विमानतळावर चेक-इनलाच अडवतील. इमीअकाउंट, म्हणजे त्यांच्या व्हिसाचं ऑनलाइन खातं, उघडून दोघांचे नवे नंबर घातलेत, रात्री साडेदहा वाजता, मोबाइलच्या नेटवर. हे आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलंच नसतं.

बाळ झालं तेव्हा मी लेकीचा हात धरून उभी होते, ताई.

जानेवारीत परत येतोय. आल्या आल्या आधी तुमच्याकडं येणार, बाळाचे फोटो घेऊन, आणि फॉर्मचे पैसे तेव्हा नाही म्हणायचं नाही.

तुमची,
तळमजल्यावरची काकू